सरळ, बारीक केसांना सिंथेटिक ड्रेडलॉक पेलतील का?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी विश्रामबागेत राहते आणि नोकरीनिमित्त रोज स्कूटरने मिरजेला ये-जा करते. माझे केस खांद्याच्या थोडे खाली येतात. ते सरळ, बारीक आणि बेताचेच दाट आहेत. सिंथेटिक ड्रेडलॉक (कृत्रिम धाग्याच्या, दोरीसारख्या गुंतवलेल्या बटा) लावून पाहावेत असे गेले वर्षभर मनात आहे. स्वतःच्याच केसांचे ड्रेडलॉक करून घेण्याची मात्र तयारी नाही, कारण ते एकदा घट्ट बसले की बहुतेक वेळा कापूनच काढावे लागतात. दीड-दोन महिने हौस भागवावी आणि पुन्हा आपली नेहमीची वेणी घालता यावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

ऑनलाइन शोधायला बसले तेव्हा गोंधळ वाढला. सिंगल एंडेड, डबल एंडेड, गुळगुळीत, टेक्स्चर्ड, क्रोशे, लोकरीचे असे अनेक प्रकार दिसले आणि त्यांच्या किमतींतही मोठी तफावत आढळली. माझ्यासारख्या केसांना यांपैकी कोणता प्रकार योग्य ठरेल, एकूण किती नग लागतील आणि हेल्मेट घालता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे.

विचारण्यामागे आणखी दोन कारणे आहेत. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी मी एका पार्लरमध्ये बारीक घट्ट वेण्या घालून घेतल्या होत्या. तीन दिवस डोके ठणकत राहिले, कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या आल्या आणि चौथ्या दिवशी रात्री आरशासमोर बसून मी सगळ्या वेण्या सोडून टाकल्या. तो अनुभव पुन्हा नको आहे. दुसरे कारण माझी आजी. ती मूळची जत तालुक्यातली असून (गावाचे नाव जत आणि वाद मात्र जटेचा, यावर घरात विनोद होऊन गेला आहे) तिच्या लहानपणी शेजारच्या घरातील एका बाईच्या डोक्यात जट निघाली होती. मी मोबाइलवर छायाचित्र दाखवताच ती म्हणाली, “पैसे देऊन कुणी जट आणतं का घरात?” तिला काय सांगावे, हेही कुणी सुचवल्यास आभारी राहीन.

उत्तर : तिपेडी (सांगली)

मी गेली पाच वर्षे घरीच वेण्या आणि ड्रेडलॉक लावून देते. आधी केसांविषयी लिहिते, कारण तुमच्या बाबतीत निवडीचा बहुतेक प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्याकडे गंगावन लावण्याची पद्धत जुनीच आहे. पण गंगावन सगळ्या केसांच्या एका वेणीत गुंफले जात असल्यामुळे त्याचा भार सगळ्या डोक्यावर विभागला जातो. ड्रेडलॉकचे तसे नाही. प्रत्येक नग केसांच्या एका छोट्या झुबक्यावर टांगलेला असतो आणि त्याचे सगळे वजन, तो ओला झाला तर पाण्याच्या वजनासकट, त्या झुबक्याच्या मुळांनाच पेलावे लागते. म्हणून खरेदी करताना रंग आणि पोत यांच्याही आधी वजन विचारावे. विक्रेता ते सांगत नसेल, तर एक नग मागवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहावा. माझ्या अनुभवात बारीक केसांच्या मुलींना चारशे ग्रॅमच्या पुढचा पूर्ण संच तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जड वाटू लागतो, आणि तुम्ही तर स्कूटरवर रोज वारा खाणार आहात.

आता पोताविषयी. बहुतेक सिंथेटिक ड्रेडलॉक मोडॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. यांतला सर्वांत परिचित धागा म्हणजे जपानच्या कानेका कंपनीचा १९५७ पासूनचा कानेकालोन. साध्या, गुळगुळीत प्रकारात हा धागा उलटा विंचरून, पीळ देऊन वाफेवर बसवतात. नग सुबक दिसतो, पण आपल्या केसांशेजारी तो प्लास्टिकच्या दोरीसारखा वेगळा उठून दिसतो. टेक्स्चर्ड प्रकारात धाग्याला आधी बारीक नागमोडी चुण्या पाडतात आणि मग उलटे विंचरून तो पिळतात, किंवा क्रोशाच्या सुईने आतले-बाहेरचे धागे एकमेकांत ओढून नगाला गाठाळ, थोडा ओबडधोबड आकार देतात. त्याची चकाकी कमी भासते आणि खऱ्या केसांच्या ड्रेडलॉकशी तो अधिक जुळतो. चुण्यांमुळे धागा फुगून दिसतो, त्यामुळे कमी धाग्यातही नग जाड वाटतो; तुमच्यासाठी हा फायदा मोठा आहे. क्रोशाचे नग टिकाऊ असतात, पण सुरुवातीला ताठ असतात आणि मानेला टोचतात. मला विचाराल तर चुण्या पाडलेले, पेन्सिलीएवढ्या जाडीचे आणि पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतले नग घ्यावेत. कमरेपर्यंतची लांबी छायाचित्रात शोभते, पण रोजच्या वापरात ती दाराच्या कडीत अडकते आणि खुर्चीच्या पाठीत चेमटते.

लोकरीचे नग सुंदर आणि मऊ असतात. मात्र लोकर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत. हिवाळ्यात जरूर विचार करावा.

रंगाच्या बाबतीत ‘१’ हा क्रमांक काळ्याभोर छटेचा आणि ‘१बी’ हा किंचित मवाळ काळ्या छटेचा असतो. आपल्या केसांना सहसा ‘१बी’ जुळतो; ‘१’ उन्हात शाई ओतल्यासारखा दिसतो. घरी डाय लावून रंग बदलता येईल असे समजून चुकीची छटा घेऊ नये, कारण केसांचा डाय या धाग्यावर चढत नाही.

सिंगल एंडेड नगाला एका टोकाला फास असतो. केसांचा झुबका क्रोशाच्या सुईने त्या फासातून ओढून घेतात आणि नगाभोवती गुंफून रबर लावतात. डबल एंडेड नग मुळाशी मधोमध दुमडतात. त्याची दोन टोके आणि मध्ये आपला झुबका अशी तिपेडी वेणी काही पेड घालून रबराने बंद करतात, म्हणजे एका झुबक्यातून दोन ड्रेडलॉक लोंबतात. पूर्ण डोक्यासाठी साधारण पन्नास ते साठ डबल, किंवा त्याच्या दुप्पट सिंगल नग लागतात. तुमचे केस बेताचेच दाट असल्यामुळे मी पूर्ण डोके सुचवणार नाही. मागच्या अर्ध्या भागात बारा ते पंधरा सिंगल नग लावावेत आणि वरचे केस मोकळे ठेवून त्यांवर सोडावेत. भांग दिसत नाही आणि कपाळाची कड सुरक्षित राहते.

झुबक्यासाठी साधारण अडीच सेंटिमीटरचा चौकोन घ्यावा आणि पुढच्या ओळीचे चौकोन विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून पाडावेत, म्हणजे पांढऱ्या रेघा उघड्या पडत नाहीत. मानेवरची आणि कानामागची लव कधीही झुबक्यात घेऊ नये. लावण्याच्या आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवावेत, कंडिशनर आणि तेल लावू नये. घट्ट कुरळ्या केसांत वेणी आपोआप रुतून बसते. आपले सरळ केस निसटतात, आणि ते निसटू नयेत म्हणून लावणारी व्यक्ती वेणी गरजेपेक्षा जास्त आवळते. तुमच्या त्या पार्लरमध्ये बहुधा हेच घडले असावे.

नवीन नग आल्याबरोबर डोक्यावर चढवू नयेत. धाग्यावर कारखान्यात दिलेला अल्कलीयुक्त लेप असतो आणि तो काहींच्या त्वचेला खाजवतो. बादलीभर कोमट पाण्यात कपभर पांढरे व्हिनेगर घालून नग अर्धा तास बुडवून ठेवावेत, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत आणि सावलीत पूर्ण वाळवावेत. पाण्यावर कधी कधी पांढुरका थर येतो, त्याने घाबरू नये.

उत्तर : रंगपट (सांगली)

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली जिथे नाटक उभे केले त्या गावात टोप आणि जटांविषयी कुणीतरी बोलायलाच हवे, म्हणून लिहितो. हौशी नाटकांची रंगभूषा मी अनेक वर्षे सांभाळतो. शंकराच्या आणि ऋषींच्या जटा आम्ही तागाच्या करीत असू. त्या टोचत, त्यांचा भुसा गळे आणि दिव्यांच्या उष्णतेने डोके भाजून निघे. सिंथेटिक धाग्याने हा त्रास संपवला.

तुमची हौस दीड-दोन महिन्यांची आहे आणि रोज हेल्मेट घालायचे आहे. अशा वेळी केसांत न गुंफता लावण्याचा एक मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो. रुंद इलॅस्टिकच्या पट्टीवर सिंगल एंडेड नगांचे फास जवळजवळ ओवून घ्यावेत, आपल्या केसांचा मानेजवळ घट्ट अंबाडा बांधावा आणि ती पट्टी अंबाड्याभोवती दोनदा फिरवून वर रुमाल बांधावा. रंगमंचावर दोन अंक नाचूनही अशी पट्टी सुटलेली मी पाहिलेली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ती खुंटीला टांगता येते.

नग डोक्यातच लावणार असाल, तर हेल्मेटची चाचणी आरशासमोर आधी घ्यावी. वरच्या भागात एक जरी जाड वेणी असली, तरी हेल्मेट तिच्यावर तरंगते, हनुवटीचा पट्टा कसूनही डोलते आणि पडल्यावर निरुपयोगी ठरते. तिपेडी यांनी सांगितलेली मागच्या भागाची मांडणी याही दृष्टीने बरी आहे. नग मानेवर सैल बांधून जॅकेटच्या आत सोडावेत, म्हणजे वाऱ्याने एकमेकांवर घासून पिंजारत नाहीत.

जपणुकीविषयी एक गोष्ट. लोकरीच्या नगांना कसर लागते, सिंथेटिकला लागत नाही. पण दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवले तर वास धरतात. जुन्या उशीच्या सुती अभ्र्यात लांब पसरून ठेवावेत. घडी घातलेल्या ठिकाणी सिंथेटिक धाग्याला कोन पडतो आणि तो पुढे गरम पाण्याशिवाय निघत नाही.

उत्तर : अजिंक्यतारा (सातारा)

मी आपल्या आजींबद्दल लिहितो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात जटनिर्मूलन हा एक भाग राहिला आहे, आणि तरुणपणी काही वेळा मी कार्यकर्त्यांसोबत गेलो होतो. आजींनी जे पाहिले ते छायाचित्रातल्या केशभूषेसारखे नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे.

केस दीर्घकाळ विंचरले गेले नाहीत, आजारपणात किंवा बाळंतपणात गुंता वाढला, त्यात तेल, घाम आणि धूळ साचली, की जट तयार होते. तिच्यात दैवी असे काही नाही. परंतु आपल्या भागात, विशेषतः कर्नाटकाच्या सीमेलगत, जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे असा समज होता. ती कापली तर घरावर संकट येईल या भीतीने कात्री लावली जात नसे, आणि कित्येक मुलींना तेवढ्या कारणावरून देवीला सोडले गेले. ज्यांच्या डोक्यावरची जट मी जवळून पाहिली, त्यांच्यापैकी एका मावशींना उजव्या कुशीवर झोपताच येत नव्हते. मान आखडलेली, जटेत उवा, आणि शेजाऱ्यांचा नमस्कार मात्र रोजचा. कापताना कात्रीपेक्षा बोलण्यालाच अधिक वेळ लागे. आधी घरच्यांशी, मग त्यांच्याशी, आणि त्यांनी स्वतः होकार दिल्यावरच पहिला काप घेतला जाई.

तेव्हा आजींचा आक्षेप थट्टेवारी नेऊ नये. जटेने बाईचे आयुष्य बांधले जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यांना ‘ही फॅशन आहे’ असे सांगून काहीच कळणार नाही. त्याऐवजी एक नग त्यांच्या हातात द्यावा, त्यांच्यासमोर तो एका झुबक्याला लावावा आणि लगेच सोडूनही दाखवावा. जट सुटते, हे दृश्य त्यांच्या आयुष्यात बहुधा आलेले नाही.

आणखी एक जाणीव असलेली बरी. जमैकात १९३० च्या दशकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथात असे केस राखणे हा श्रद्धेचा भाग मानला जातो. आपण हौसेने लावतो म्हणून ते इतरांसाठीही केवळ हौसेचे असतात असे नव्हे.

उत्तर : सुई-दोरा (मिरज)

मी एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात परिचारिका आहे. तुम्ही वर्णन केलेली ठणक आणि कपाळाच्या कडेच्या पुळ्या यांकडे दुर्लक्ष करू नये. केसांचे मूळ सतत ओढले गेले की त्याभोवती दाह होतो. ओढ चालू राहिली तर कानाजवळचे आणि कपाळावरचे केस विरळ होत जातात. याला ओढीमुळे होणारे टक्कल म्हणतात. १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये ते प्रथम नोंदवले गेले. म्हणजे त्यासाठी सिंथेटिक नगांचीही गरज नसते, साधा घट्ट शेपटाही पुरतो. सुरुवातीच्या टप्प्यात ओढ थांबवली तर केस परत येतात. मुळाचा व्रण झाला की येत नाहीत.

लावल्यानंतर पहिल्या रात्री डोके जरा जड वाटणे समजू शकते. परंतु झोपण्यासाठी वेदनाशामक गोळी घ्यावी लागली, भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या किंवा मुळाशी त्वचा तंबूसारखी उचललेली दिसली, तर तो नग त्याच रात्री सोडावा. पैसे दिले आहेत म्हणून आठवडाभर सहन करणाऱ्या मुली आमच्याकडे येतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे. कोंडा, खवडे किंवा सोरायसिस असेल तर आधी उपचार घ्यावेत. नगांखाली त्वचा दिसत नाही आणि औषधही नीट पोहोचत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘१बी’ छटेचे, चुण्या पाडलेले चौदा सिंगल एंडेड नग मागवले आहेत. पहिले दोन आठवडे रंगपट यांनी सांगितल्याप्रमाणे पट्टीवर ओवून वापरेन आणि मग ठरवेन. काल नमुन्याच्या एका नगावर आजीसमोर प्रयोग केला. तिने तो दोनदा लावून घेतला, दोनदा स्वतः सोडला, आणि “याला तेल लावायचं नाही म्हणजे अवघडच आहे,” एवढेच म्हणाली. तिचा मुद्दा बरोबर आहे: डोक्यात लावल्यावर तेल आणि धुणे यांचे काय करायचे? आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि पावसाळा तोंडावर आहे.

उत्तर : तिपेडी (सांगली)

लावलेले असताना डोक्याला तेल नको, हे आजींना कितीही खटकले तरी खरे आहे. तेलाने वेणी निसटते आणि रस्त्यावरची धूळ मुळाशी चिकटते. त्वचा फारच कोरडी पडली, तर बोटाच्या टोकाला थेंबभर खोबरेल घेऊन केवळ भांगांतून फिरवावे.

धुणे आठ-दहा दिवसांतून एकदा पुरते. चमचाभर शाम्पू पेलाभर पाण्यात मिसळून निमुळत्या तोंडाच्या बाटलीत भरावा, भांगांमध्ये सोडावा आणि बोटांच्या पेरांनी चोळावा. नखे लावू नयेत. नगांना स्वतंत्र शाम्पू लागत नाही, वरून ओघळणारे पाणी त्यांना पुरेसे असते. बोअरच्या पाण्यात फेस लवकर होत नाही म्हणून शाम्पू वाढवत नेण्याची चूक होते आणि मग तो आतून निघत नाही. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत. नंतर नग पिळू नयेत; सुती पंच्यात धरून दाबावेत. डोके रविवारी सकाळी धुवावे, म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसता येते. रात्री ओले डोके घेऊन झोपल्यास आतला भाग वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येऊ लागतो. हा वास एकदा बसला की जाता जात नाही. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर केवळ थंड हवेवर.

उष्णतेबद्दल विशेष सावध राहावे. मोडॅक्रिलिक धागा ज्योत दूर झाल्यावर सहसा जळत राहत नाही, पण आकसतो आणि वितळतो, आणि वितळलेला धागा कातडीला चिकटू शकतो. गॅससमोर उभे राहताना आणि आरतीच्या तबकावर वाकताना नग मागे बांधलेले असावेत. महिन्याभराने नगांवर बारीक धागे उभे राहिले, तर तळहातांत घोळवून ते बसवावेत. उकळत्या पाण्यात बुडवून गुळगुळीत करण्याची युक्ती तुम्हाला दिसेल. ती खरी आहे, परंतु डोक्यावरून काढलेल्या नगांसाठीच आहे.

रात्री सॅटिनचा अभ्रा वापरावा आणि सगळे नग मिळून एक सैल वेणी घालावी.

सहा आठवड्यांनी काढावेत, आठांच्या पुढे नेऊ नयेत. तोपर्यंत केस दीडेक सेंटिमीटर वाढलेले असतात आणि नग त्या नव्या केसांवर हिंदकळू लागतो. सोडल्यावर निघणारे केस पाहून सगळ्याच घाबरतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. पूर्ण डोके गुंफलेले असेल तर सहा आठवड्यांत ते दोन ते चार हजार होतात आणि फणीत न येता वेणीतच अडकून राहतात. तुमच्या बाबतीत तेवढे निघणार नाहीत, पण मूठभर निघतील. नग सोडल्यावर लगेच डोके धुवू नये, कारण पाणी लागताच तो सुटा गुंता घट्ट बसतो. आधी बोटांनी, मग खोबरेल लावून रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवत यावे. आजींना त्या दिवशी बसवून घ्या, हे काम त्यांच्याइतके शांतपणे कुणी करणार नाही. मग शाम्पू. पुन्हा लावायचे असल्यास निदान तीन आठवडे केस मोकळे राहू द्यावेत.

आणि रबर रंगीत घ्या. काळ्या केसांतले काळे रबर कापताना कात्री हमखास चुकते. माझ्या पहिल्या दोन मैत्रिणींच्या मानेजवळ त्याचे पुरावे सहा महिने दिसत होते.